ऐक आणि एक : हिब्रू देवनामांचे अर्थ



या व्याख्यानमालेत आजवर बोलून गेलेल्यांच्या यादीत माझे नाव कसे, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तो मलाही पडला होता. मी भाषाशास्त्रज्ञ नाही की धर्मशास्त्राचा पंडित नाही. बीएचएमएस ही माझी पदवी आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला छोटा दवाखाना हे माझे विद्यापीठ. त्यात मी जैन. जगाचा कोणी कर्ता आहे हेच आमचे दर्शन मानत नाही. अशा माणसाने ज्यूंच्या देवाच्या नावांवर बोलायचे म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या लग्नात आपण मुहूर्त सांगण्यासारखे आहे. तरीही हा विषय मीच मागून घेतला. त्याला एक कारण आहे. त्या कारणाला तोंड देण्याआधी थोडा अभ्यास सांगतो. निदान मी तरी तो त्याच क्रमाने टाळत आलो.

माझ्याकडे बरीच वर्षे एक वृद्ध बाई येत. मी त्यांना मावशी म्हणे. यजमान रेल्वेत होते, बदल्या होत होत ग्वाल्हेरला आले आणि इथेच राहिले. पुढे यजमान गेले, मूलबाळ नव्हते, जवळचे नातलग कोणी मुंबईकडे तर कोणी इस्राएलला. मावशी मुरारला दोन खोल्यांत राहात. मराठी अगदी कोकणी वळणाची, आडनाव ‘कर’ने संपणारे, नऊवारी नेसलेल्या आईचा फोटो भिंतीवर. पहिल्या दिवशी केस लिहून घेताना मी नेहमीप्रमाणे आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे आजार विचारले. त्या म्हणाल्या, “आजोबांना दमा होता. सामाजी नाव त्यांचं.” मी मनात म्हटले, असतील कुलाब्याकडचे कोणी. चार-पाच भेटींनंतर कळले की त्या बेने इस्राएल आहेत, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आणि सामाजी म्हणजे शमुएल.

बेने इस्राएलांची कथा तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते कोकणातल्या गावांत तेल गाळू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ गेले, हिब्रू भाषा गेली. राहिले ते काही नियम आणि एकच प्रार्थना. तिचे नाव ‘शेमा’. जन्म असो, लग्न असो की मरण, प्रत्येक प्रसंगी तीच म्हणत. एका समाजाने शतकानुशतके एका प्रार्थनेवर संसार केला. म्हणून देवनामांकडे मी त्या प्रार्थनेच्या दाराने गेलो. तुम्हीही याच दाराने या.

शेमाची पहिली ओळ सहा हिब्रू शब्दांची आहे. त्यांतले तीन शब्द देवाची नावे आहेत. चौथा ‘इस्राएल’, त्याच्याही पोटात देवाचे एक नाव दडले आहे. उरले दोन. पहिला शब्द ‘शेमा’, म्हणजे ऐक. शेवटचा शब्द ‘एहाद’, म्हणजे एक. हा योगायोग मराठीखेरीज दुसऱ्या कोणत्या भाषेत साधला असेल असे मला वाटत नाही : ‘ऐक’ने सुरुवात, ‘एक’ने शेवट आणि मध्ये सगळी नावे.

आधी पोटात दडलेले नाव घेऊ. ते ‘एल’. सेमिटिक भाषाकुळात देवाला हा अतिशय जुना शब्द आहे. अरबीतला ‘इलाह’ त्याच घराण्यातला. हिब्रू माणसे आपल्या मुलांच्या नावांत ‘एल’ गुंफत. दानिएल, म्हणजे एल माझा न्यायाधीश. मिखाएल, म्हणजे एलसारखा कोण? रफाएल, म्हणजे एलने बरे केले. यातल्या ‘रफा’ धातूपासूनच हिब्रूत वैद्याला ‘रोफे’ म्हणतात, हे वाचून मी अर्थातच सुखावलो. यहेज्केल, म्हणजे एल बळ देतो. शमुएल या नावात ‘शेम’, म्हणजे नाव, आणि ‘एल’ असे दोन्ही आहेत. ‘ज्याचे नाव एल’ असा त्याचा एक अर्थ लावतात.

आता कोकणात काय झाले ते पाहा. शमुएलचा झाला सामाजी. यहेज्केलचा झाला हसाजी. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली ज्यांनी बांधले ते शमुएल यहेज्केल दिवेकर आपल्या लोकांत सामाजी हसाजी दिवेकर होते. ते कंपनी सरकारच्या सैन्यात होते. टिपूच्या कैदेतून जिवंत सुटलो म्हणून त्यांनी ते मंदिर बांधले, असे सांगतात. नीट पाहिलेत तर बापलेकांच्या दोन्ही नावांतून ‘एल’ गळून पडला आहे आणि त्या जागी आपला ‘जी’ येऊन बसला आहे. देवाचे नाव गेले आणि आदर राहिला! मी हे मावशींना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या म्हणाल्या, “गेला कुठं? आम्ही बेने इस्राएलच ना? त्यात आहे की तो.” खरेच होते. प्रत्येकाच्या नावातून गळलेला एल सगळ्यांच्या मिळून नावात शाबूत होता.

त्या सिनेगॉगचे नाव ‘शाआर हाराहामीम’, म्हणजे दयेचे दार. मशीद बंदर या स्टेशनच्या नावातली मशीद हीच, असे म्हणतात. ‘राहामीम’ म्हणजे दया. ज्या धातूपासून हा शब्द आला त्याच धातूपासून ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, हा शब्द आला आहे. अरबीतले रहमान आणि रहीमही तिथलेच. देवाला दयाळू म्हणताना ही भाषा आईच्या कुशीची आठवण करते. विठोबाला माउली म्हणणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे नाव ‘एलोहीम’. बायबलच्या पहिल्याच वाक्यात सृष्टी निर्माण करणारा तो एलोहीम. व्याकरणाने हा शब्द अनेकवचनी आहे, पण इस्राएलच्या देवाविषयी बोलताना त्याचे क्रियापद एकवचनी येते. आपण ‘गुरुजी आले’ म्हणतो तेव्हा माणूस एक असतो आणि आदरापोटी क्रियापद अनेकवचनी होते. हिब्रूत उलटे आहे. नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, जणू ‘सगळे देव आला’. परक्यांच्या देवांबद्दल हाच शब्द वापरला की क्रियापद सहसा अनेकवचनी होते. एकेश्वरवादाचा एवढा मोठा सिद्धांत एका क्रियापदाच्या प्रत्ययात बसवलेला पाहून मला व्याकरणाविषयी नव्याने आदर वाटला. शेमात जो ‘एलोहेनू’ येतो तो याच शब्दाचा ‘आमचा’ लावलेला आकार आहे : आमचा देव.

तिसरे नाव दारावरचे. मावशींच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला एक छोटी तिरपी नळी ठोकलेली होती आणि तिच्यावर तीन दांड्यांचे एक अक्षर होते. मला तो ताईत वाटला होता. तिला ‘मेझुझा’ म्हणतात. आत शेमा लिहिलेल्या चर्मपत्राची गुंडाळी असते आणि बाहेरचे अक्षर ‘शीन’, म्हणजे ‘शद्दाय’ या नावाचे आद्याक्षर. शद्दायचा अर्थ काय? मराठी बायबल ‘सर्वसमर्थ’ म्हणते. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणात आरंभीच्या वंदनातच सर्वसमर्थ आणि परमेश्वर हे दोन्ही शब्द आले आहेत, म्हणजे मराठीत ही भाषा चारशे वर्षांची. पण मूळ शब्दाबद्दल एकमत नाही. कोणी त्याचा संबंध पर्वताशी लावतात, कोणी स्तनाशी. जुने ज्यू आचार्य आणखी एक फोड करतात : ‘शे’ आणि ‘दाय’, म्हणजे जो ‘पुरे’ म्हणाला तो. पसरत चाललेल्या विश्वाला ‘बस, पुरे’ असे सांगून ज्याने मर्यादा घातली तो. भाषाशास्त्र ही फोड मान्य करणार नाही. पण आयुष्यभर अपरिग्रहाचे व्रत ऐकत आलेल्या माझ्यासारख्याला देवाचे ‘पुरे’ हे नाव फार आवडले. विठ्ठल या शब्दाच्या व्युत्पत्तीवर पंडितांचे अजून एकमत नाही, म्हणून वारी कधी थांबली नाही. शद्दायचेही तसेच.

चौथे नाव मला सर्वांत जवळचे. ते पुस्तकात एकदाच येते आणि ते ठेवले आहे एका दासीने. अब्राहामाच्या घरची मिसरी दासी हागार गरोदर असताना मालकिणीच्या जाचाला कंटाळून रानात पळाली. तिथे पाण्याच्या झऱ्यापाशी देवदूताने तिला हाक मारली. होणाऱ्या मुलाचे नाव इश्माएल ठेव असे सांगितले. इश्माएल म्हणजे एल ऐकतो. तेव्हा या बाईने देवालाच एक नाव दिले : ‘एल रोई’, म्हणजे मला पाहणारा देव. राजे नाहीत, संदेष्टे नाहीत, एक परक्या देशाची पळून आलेली दासी देवाचे बारसे करते आणि तो ते नाव चालवून घेतो. दवाखान्यात बसून मी एक गोष्ट शिकलो आहे. निम्म्या रोग्यांना औषधाआधी एवढेच हवे असते, की कोणीतरी आपल्याकडे मान वर करून पाहावे.

आता मुख्य नाव. चार अक्षरांचे : योद, हे, वाव, हे. हिब्रू बायबलात ते सुमारे ६,८०० वेळा येते आणि धर्मनिष्ठ ज्यू ते एकदाही उच्चारत नाही. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर वर्षातून एका दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक ते उच्चारी. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि तो उच्चारही संपला. तेव्हापासून लिहिलेली ती चार अक्षरे दिसली की वाचणारा ‘अदोनाय’ म्हणतो, म्हणजे माझा प्रभू. बोलण्यात तर तेही टाळून नुसते ‘हाशेम’ म्हणतात, म्हणजे ‘ते नाव’. हिब्रूत मूळ लिखाण व्यंजनांचेच. पुढे पाठ जपणाऱ्या पंडितांनी त्या चार व्यंजनांखाली अदोनायच्या स्वरांच्या खुणा दिल्या. हेतू हा, की वाचणाऱ्याला आठवण राहावी. परक्यांनी मात्र दोन्ही एकत्र वाचले आणि ‘यहोवा’ हा उच्चार तयार झाला. मराठी बायबलने या नावाच्या जागी बहुतेक ठिकाणी ‘परमेश्वर’ हा शब्द घातला आहे.

लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, हे परक्याला विचित्र वाटेल. मराठी घरात वाढलेल्याला वाटू नये. माझ्या आजीने जन्मात आजोबांचे नाव घेतले नाही. ‘अहो’, ‘इकडून’, ‘घरात आहेत का’ एवढ्यावर पन्नास वर्षे निभावली. नाव घ्यायचे ते फक्त उखाण्यात, सणासुदीला, चारचौघांसमोर. महायाजकाचा वर्षातला तो एक दिवस मला उखाण्यासारखा वाटतो. नाव न घेणे म्हणजे नाव माहीत नसणे नव्हे. जे नाव सर्वांत जवळचे तेच ओठांवर येत नाही.

या चार अक्षरांचा अर्थ काय? पेटलेल्या पण न जळणाऱ्या झुडपापाशी मोशेने देवाला हाच प्रश्न केला : लोकांनी तुझे नाव विचारले तर काय सांगू? उत्तर आले, ‘एह्ये अशेर एह्ये’. मराठी बायबलात याचा अर्थ ‘मी आहे तो आहे’ असा केला आहे. तत्त्वज्ञांनी त्यात शुद्ध सत्ता पाहिली. पण ‘एह्ये’ या क्रियापदात ‘असेन’ हाही अर्थ आहे आणि मला महत्त्वाचे वाटते ते दोन ओळी वर. मोशे घाबरून म्हणतो, फारोपुढे जाणारा मी कोण? तेव्हा देव त्याला धीर देतो, की मी तुझ्यासोबत असेन. तिथेही शब्द हाच, ‘एह्ये’. म्हणजे मोशेने नाव विचारण्याआधीच नाव सांगून झाले होते. ‘असेन’ या नावाचा अर्थ कोशात शोधण्याआधी तो ‘सोबत असेन’ या वाक्यात वापरला गेला होता.

इथे माझी जैन बाजूही सांगतो. आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या कड्यांवर तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या. पुढच्या शतकात बाबराच्या हुकमाने त्यांची मोडतोड झाली. बाबराने स्वतःच ते आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या मूर्तींपुढे उभे राहिलात तर दिसेल की चेहऱ्यांवरून तीर्थंकर ओळखता येत नाही. खाली कोरलेले बैल, सिंह असे लांछन पाहावे लागते. आमच्याकडे रूप आहे, पण ते सर्वांचे सारखे. ज्यूंकडे रूपाला बंदी, म्हणून सगळा भार नावावर आणि म्हणूनच ते नाव इतके जपलेले. ज्या कागदावर ते लिहिले आहे तो फाटला तरी फेकत नाहीत, माणसासारखा पुरतात. आमच्या जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात जिनदेवाची १००८ नावे गायिली. पण रोज म्हणायच्या णमोकार मंत्रात एकाही व्यक्तीचे नाव नाही. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय, साधू ही पाच पदे आहेत. वंदन गुणांना. मरणाऱ्याच्या कानाशी आम्ही हाच मंत्र म्हणतो. माझ्या पेशात तो मी कितीतरी जणांच्या कानात म्हटला आहे. त्यात जैन नसलेलेही होते. कोणी हरकत घेतली नाही.

आता ते कारण.

मावशींचे हृदय दमत आले होते. हृदयाचे औषध दुसऱ्या डॉक्टरांचे होते. मी आपला जाता-येता बसून येई. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, “डॉक्टर, इथं आमचं कोणी नाही. माझ्याबरोबर शेमा म्हणाल? एकच ओळ.” तोवर मी वर सांगितलेले पुष्कळसे वाचले होते. कोणते नाव उच्चारायचे नाही, हे मला नेमके माहीत होते. मी म्हणालो, “मावशी, उच्चार चुकेल माझा. आणि मी कर्ता मानत नाही, माझ्या तोंडी ते खोटं होईल. आज रात्री नीट पाठ करतो, उद्या सकाळी येतो.” त्या हसल्या. म्हणाल्या, “अर्थ मला तरी कुठं येतो? या सकाळी.”

सकाळी मी गेलो तेव्हा सांभाळणारी बाई दारात बसली होती. पहाटे सगळे संपले होते. मी विचारले, काही बोलल्या का? ती म्हणाली, “आँखों पर हाथ रखा और एकाध, एकाध, ऐसा कुछ बोल रही थीं.” शेमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकायचे असतात. आणि एकाध म्हणजे एहाद. ज्या उच्चारासाठी मी रात्रभर थांबलो, तो त्या अडाणी बाईने माझ्याहून आधी केला होता. भाचा दुपारच्या गाडीने आला, त्याने पुढचे सारे विधिपूर्वक केले. मी खिशातली चिठ्ठी, तीवर देवनागरीत लिहिलेले ते सहा शब्द, तशीच घेऊन परत आलो.

मी नास्तिक होतो म्हणून नाही म्हणालो, असे पुढे बरीच वर्षे स्वतःला सांगत राहिलो. ते खरे नव्हते. मला चुकायचे नव्हते, एवढेच. णमोकार म्हणताना मी समोरच्याला कधी विचारले नव्हते, की तुझा यावर विश्वास आहे का. माझ्यावर पाळी आली तेव्हा मात्र मला व्युत्पत्ती आठवली.

नंतर वाचनात एक गोष्ट आली. ती सांगून थांबतो. तोराहच्या हस्तलिखित गुंडाळीत शेमाच्या ओळीतली दोन अक्षरे मुद्दाम मोठी काढतात : ‘शेमा’तले शेवटचे ‘अयिन’ आणि ‘एहाद’मधले शेवटचे ‘दालेत’. ही दोन अक्षरे जोडली की ‘एद’ हा शब्द होतो. एद म्हणजे साक्षीदार. जो ही ओळ म्हणतो तो साक्षीदार होतो, असे त्यांचे आचार्य सांगतात.

मावशींना माझी श्रद्धा नको होती. त्यांना हवा होता साक्षीदार. जो सोबत असतो, पाहतो आणि ऐकतो. आता मागे वळून वरची नावे पुन्हा वाचलीत तर तुमच्या लक्षात येईल, की एल रोई म्हणजे पाहणारा, इश्माएल म्हणजे ऐकणारा आणि एह्ये म्हणजे सोबत असणारा. मी अजूनही कर्ता मानत नाही. पण ही नावे ज्या कोणाची असतील त्याचे काम माणसाला करता येण्यासारखे आहे आणि मला ते एका संध्याकाळी करता आले असते, हे मला या नावांनीच शिकवले.

ती चिठ्ठी मी फेकलेली नाही. नावाचा कागद फेकत नाहीत. तुमच्यापैकी कोणाला कधी असे कोणी म्हणाले, की माझ्याबरोबर एक ओळ म्हणा, तर उच्चाराची वाट पाहू नका. चुकीचा म्हणा, पण त्याच संध्याकाळी म्हणा.